घटक ५ : साथीच्या काळातील लोकसहभाग आणि सूचनेची भाषा

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस साथीच्या काळात शासन व समाज यांच्यातील विश्वास कशामुळे जुळतो आणि कशामुळे तुटतो याचे विवेचन करता येईल; लोकांचे मन वळवणे आणि लोकांना निर्णयात वाटा देणे यांतील भेद उदाहरणांसह स्पष्ट करता येईल; तसेच साथीच्या काळात निघणाऱ्या मराठी सूचनापत्रकांचे चिकित्सक वाचन करून त्यांचे पुनर्लेखन करता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, २०२० सालच्या करोना साथीचा अनुभव आपणा सर्वांच्या गाठी आहे. आपल्यापैकी काहींनी त्या वेळी आशा स्वयंसेविका, शिक्षक, परिचारिका किंवा ग्रामपंचायतीचे कर्मचारी या नात्याने घरोघर सर्वेक्षण केले असेल. काहींच्या स्वतःच्या दारावर गृह विलगीकरणाची चिठ्ठी चिकटवली गेली असेल. क्वचित एखाद्याच्या वाट्याला ही दोन्ही कामे आली असतील : सकाळी इतरांच्या दारावर चिठ्ठी लावायची आणि महिन्याभराने तीच आपल्या दारावर पाहायची. या घटकाचा विषय त्या दोन अनुभवांमधील अंतराचा आहे.

'लोकसहभाग' हा शब्द परिपत्रकांतून इतक्या वेळा येतो की त्याचा अर्थ झिजून गेला आहे. निर्णय झालेला आहे, आता लोकांनी तो पाळावा म्हणून त्यांना समजावून सांगा, एवढाच त्याचा आशय बहुधा उरतो. येथे आपण तो शब्द अधिक काटेकोर अर्थाने वापरणार आहोत. एखादा उपाय कोणत्या रीतीने अमलात आणावा, हे ठरवण्यात आदेश निघण्यापूर्वीच लोकांचा वाटा असणे म्हणजे लोकसहभाग. वैद्यकीय उपाय कोणता, हे वैद्यकशास्त्र सांगेल. पण रुग्णास घरातून कोणी न्यावे, सोबत कोण जाईल, अन्न कोणाच्या हातचे असेल, मृत्यू आल्यास देहाचे काय होईल, या प्रश्नांची उत्तरे शास्त्राच्या पुस्तकात नसतात. ती ज्याच्या घरात रुग्ण आहे त्याच्यापाशी असतात.

हा भेद समजून घेण्यासाठी आपल्याच प्रांतातील एक प्रकरण पुरेसे बोलके आहे.

५.३ पुण्याचा प्लेग : आदेश आणि अनुभव

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. शहर झपाट्याने रिकामे होऊ लागले. गिरणी कामगार गावाकडे निघाले. शासनाने रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचे धोरण स्वीकारले, आणि २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, हा त्यांचा अनुभव होता. प्लेगचे रुग्ण फार उशिरा तेथे पोहोचत आणि बहुतेक दगावत. त्यामुळे हा समज नुसत्या अज्ञानातून आलेला म्हणता येत नाही. लोक जे पाहत होते त्यावरून ते अनुमान काढत होते. अनुमान चुकीचे असेल, पण ते खोडून काढण्यासाठी त्यांना आत येऊन पाहू देणे आवश्यक होते. ते झाले नाही.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत झाला. हा कायदा अत्यंत छोटा आहे. तो शासनाला असाधारण अधिकार देतो, आदेश मोडणाऱ्यास शिक्षा सांगतो आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यास न्यायालयीन कारवाईपासून संरक्षण देतो. लोकांशी विचारविनिमय करण्याविषयी त्यात एक शब्द नाही. याच कायद्याचा आधार घेऊन मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने करोनाविषयक आदेश काढले, हे ध्यानात घेतले म्हणजे १८९७ चे प्रकरण केवळ इतिहासाचे राहत नाही.

पुण्यात प्लेग समितीचे अध्यक्षपद वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याकडे आले. मार्च १८९७ च्या मध्यास सैनिकांच्या तुकड्यांकडून घरांची तपासणी सुरू झाली. गोरे सोजीर घरात शिरत, माजघर, देवघर, स्वयंपाकघर धुंडाळत. रुग्ण सापडला की त्याला प्लेगच्या रुग्णालयात आणि त्याच्या घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत नेत. घराची जमीन खणली जाई, जंतुनाशक ओतले जाई, कपडेलत्ते व सामान जाळले जाई. स्त्रियांच्या तपासणीविषयी तक्रारी सर्व थरांतून आल्या. मे महिन्यात ही मोहीम संपली. २२ जून १८९७ रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, गणेशखिंड रस्त्यावर दामोदर व बाळकृष्ण चापेकर यांनी रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला. रँडचा मृत्यू काही दिवसांनी झाला.

हा कथाभाग आपण शालेय इतिहासातून जाणता. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील एक बारकावा अधिक महत्त्वाचा आहे. समितीच्या कागदोपत्री नियमांत लोकांच्या रीतिरिवाजांची कदर करण्याची भाषा होती. शहरातील काही गृहस्थ तपासणीच्या पथकांबरोबर हिंडतही होते. म्हणजे कागदावर पाहिल्यास 'सहभाग' होता. परंतु त्या गृहस्थांचे काम दार दाखवण्याचे आणि घरच्यांची समजूत काढण्याचे होते. तपासणी कशी व्हावी हे ठरवण्याचे नव्हते. अशा सहभागाने लोकांचा शासनावरील विश्वास वाढत नाही. उलट सोबत आलेल्या शेजाऱ्यावरचा विश्वासही उडतो.

परिणाम काय झाला? रुग्ण लपवले जाऊ लागले. ताप आलेल्या माणसाला नातलगांकडे पोहोचवले जाई, मृत्यूची नोंद टाळली जाई. जी साथ उघड्यावर आणण्यासाठी घरे धुंडाळली, ती त्याच धुंडाळण्यामुळे अधिक आत लपली.

येथे एक गोष्ट नमूद करणे न्याय्य ठरेल. प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होतो, हे त्या वेळी सिद्ध झालेले नव्हते. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने तसे दाखवणारे प्रयोग १८९८ मध्ये कराचीत केले, आणि ते मान्य व्हायला आणखी काही वर्षे लागली. तेव्हा रँडच्या समितीने खणलेल्या जमिनी व जाळलेले कपडे यांमागे त्या काळची वैद्यकीय समजूत होती. निव्वळ दुष्टावा म्हणून तिची बोळवण करता येत नाही. पण शास्त्र अपुरे असताना सक्ती मात्र पुरेपूर होती. खेड्यापाड्यांतील लोक दुसरेच काही करत होते. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव उठायचे. माळावर, शेतात झोपड्या घालून लोक राहायचे आणि साथ ओसरल्यावर परतायचे. पिसवांचे शास्त्र त्यांना ठाऊक नव्हते, पण त्यांचा हा उपाय कार्बोलिकच्या फवाऱ्यापेक्षा अधिक बरोबर होता. ही जाण विचारात घ्यायला कोणी अधिकारी गावात बसला असता, तर शासनालाही ती लवकर उपयोगी पडली असती.

५.४ लोकांनी स्वतः उभारलेले मार्ग

रुग्णास वेगळे ठेवणे या कल्पनेलाच समाजाचा विरोध होता, असा सरसकट निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. लोकमान्य टिळकांनी साथीच्या काळात पुणे सोडले नाही. शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांना 'केसरी'ने बोल लावले. तपासणीच्या रीतीवर टीका करणाऱ्या याच टिळकांनी लोकवर्गणीतून हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय उभारले. मुंबईतही निरनिराळ्या ज्ञाती व जमातींनी आपापली रुग्णालये काढली. सरकारी रुग्णालयाच्या नावाने रुग्ण लपवणारी कुटुंबे या ठिकाणी त्यांना घेऊन येत. विलगीकरण तेच होते, आजार तोच होता आणि औषधांचा तुटवडाही तोच होता. फरक इतकाच की दारावर ओळखीचा माणूस उभा होता आणि खाटेशेजारी घरचे कोणी बसू शकत होते.

लसीचे उदाहरणही असेच आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पण लोकांच्या मनात सुईविषयी नाना शंका होत्या. तिसरे आगाखान त्या वेळी विशीतले होते. त्यांनी आपल्या खोजा अनुयायांसमोर स्वतः टोचून घेतले आणि हाफकिन यांच्या कामासाठी आपली वास्तू दिली. त्यांच्या अनुयायांनी मोठ्या संख्येने लस घेतली. पुढाऱ्याचा शब्द येथे उपयोगी पडला, कारण त्यामागे त्याने स्वतः पत्करलेली जोखीम होती.

याउलट, ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत मुसलमान विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली. त्यानंतर शासनाने धोरण बरेच सौम्य केले. सक्तीने जे साधले नाही ते सवलतीने थोडेफार साधते, हे दोन वर्षांच्या रक्तपातानंतर उमगले.

५.५ 'समाज' म्हणजे नेमके कोण?

येथवरचे विवेचन वाचून आपला असा ग्रह होऊ शकेल की पुढाऱ्यांना विश्वासात घेतले म्हणजे समाज विश्वासात घेतला. हा ग्रह दूर करणे आवश्यक आहे. ज्ञातीनिहाय रुग्णालय ज्ञातीतल्याला आधार देते. ज्याची ज्ञाती गरीब आहे, किंवा ज्याला कोणतीच ज्ञाती आपल्या खाटेवर घेत नाही, त्याचे काय?

याचे उत्तर पुण्याच्या बाहेर हडपसरजवळ ससाणे मळ्यात मिळते. सावित्रीबाई फुले व त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी तेथे प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी आपल्या पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, असे त्यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. या सेवेत त्यांनाच संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुण्यात सोजिरांची तपासणी सुरू होण्याच्या थोडे आधीची ही घटना आहे. म्हणजे सैन्य येण्यापूर्वीच रुग्णापर्यंत पोहोचण्याचा एक मार्ग अस्तित्वात होता. तो ज्या वस्तीतून जात होता तिच्या वतीने समितीसमोर बोलायला मात्र कोणी नव्हते.

स्त्रियांचेही तसेच. तपासणीतील त्यांच्या विटंबनेविषयी पुढारी बोलले, वृत्तपत्रे बोलली; परंतु त्यांतील पुष्कळांचा रोख 'आमच्या बायकां'च्या अब्रूवर होता. पंडिता रमाबाईंनी मात्र आपल्या आश्रमातील मुलींना रुग्णालयात व छावणीत मिळालेल्या वागणुकीविषयी स्वतः जाहीरपणे लिहिले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्याच वर्षी इंग्लंडात सैनिकांवर स्त्रियांवरील अत्याचाराचे आरोप केले. ते सिद्ध करता न आल्याने मायदेशी परतल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. सिद्ध न होण्याचे एक कारण उघड आहे : ज्यांच्यावर प्रसंग आला असेल त्यांना पुढे येऊन साक्ष देणे त्या समाजात जवळजवळ अशक्य होते. तक्रार ऐकून घेण्याची व्यवस्था आधीच नसेल तर नंतर पुरावा मागणे सोपे आणि देणे कठीण असते.

म्हणून लोकसहभागाचा विचार करताना प्रत्येक वेळी हा प्रश्न विचारावा : बैठकीत कोण बसले आहे, आणि ज्याच्या घरी पथक जाणार आहे तो त्या बैठकीत आहे का?

५.६ एक अलीकडचे उदाहरण : पश्चिम आफ्रिकेतील इबोला

पुण्याच्या प्रसंगानंतर सव्वाशे वर्षांच्या आत जगाने हाच धडा पुन्हा गिरवला, हे दाखवण्यासाठी एक परदेशी उदाहरण थोडक्यात पाहू. २०१४ ते २०१६ या काळात गिनी, लायबेरिया व सिएरा लिओन या देशांत इबोलाच्या साथीने ११,००० हून अधिक बळी घेतले. हा आजार मृतदेहाच्या स्पर्शातूनही पसरतो. मृताला स्नान घालणे, त्याला स्पर्शून निरोप देणे हा तेथील अंत्यविधींचा भाग होता. सुरुवातीला संरक्षक पोशाखातील अनोळखी माणसे येत, देह पिशवीत घालून नेत आणि घरच्यांना कबरीची जागाही अनेकदा कळत नसे. लोकांनी मृतदेह लपवले, रात्री गुपचूप पुरले. ऑगस्ट २०१४ मध्ये लायबेरियाच्या राजधानीतील वेस्ट पॉइंट ही दाट वस्ती सैन्याने वेढली. गोळीबारात एका किशोरवयीन मुलाचा मृत्यू झाला आणि सुमारे १० दिवसांत वेढा उठवावा लागला. सप्टेंबर २०१४ मध्ये गिनीतील वोमे या गावी जनजागृतीसाठी गेलेल्या पथकातील ८ जणांना जमावाने ठार मारले. त्यांत आरोग्य कर्मचारी, अधिकारी व पत्रकार होते. ही माणसे कोणावर सक्ती करायला गेली नव्हती. पण आधीच्या साऱ्या अनुभवाचे ओझे त्यांच्या गाडीबरोबर गावात शिरले होते.

त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने इतर संस्था व धर्मगुरू यांच्याशी चर्चा करून दफनाची रीत बदलली. देहाला स्पर्श नको हा वैद्यकीय नियम कायम राहिला. परंतु कुटुंबाला आधी विचारायचे, कफन त्यांच्याकडून घ्यायचे, सुरक्षित अंतरावरून प्रार्थना करू द्यायची, कबर दाखवायची व तिच्यावर नाव लावायचे, हे नव्याने ठरले. या रीतीला 'सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफन' असे नाव देण्यात आले. दोन विशेषणांपैकी दुसरे विशेषण चर्चेतून आले आहे, हे भाषेच्या अभ्यासकाने टिपून ठेवावे.

५.७ सूचनेची भाषा

आता आपल्या विद्याशाखेच्या प्रश्नाकडे वळू. साथीच्या काळात मराठीत जी भाषा घडते तिचे निरीक्षण करा. २०२० मध्ये इंग्रजी संज्ञेचे शब्दशः भाषांतर म्हणून 'सामाजिक अंतर' हा शब्दप्रयोग रूढ झाला. ज्या समाजात सामाजिक अंतर पाळण्याचा इतिहास शतकांचा आहे, तेथे या शब्दाला कोणते पडसाद आहेत, हे भाषांतर करणाऱ्याच्या लक्षात आले नसावे. पुढे 'शारीरिक अंतर', 'सुरक्षित अंतर' असे पर्याय सुचवले गेले. 'संशयित रुग्ण' हा प्रयोग असाच. मराठीत 'संशयित' बहुधा पोलिसांच्या बातमीत भेटतो. ताप आलेल्या माणसाला हा शब्द लावला की शेजारी त्याच्याकडे त्याच नजरेने पाहू लागतात. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेच्या नावात कुटुंबाची जबाबदारी स्पष्ट आहे. शासनाची जबाबदारी वाचकाने गृहीत धरायची आहे. मोहिमेच्या हेतूविषयी हे विधान नाही, नावाच्या रचनेविषयी आहे.

पुढील नमुना सूचना वाचा. ती अभ्यासासाठी रचलेली आहे.

"सर्व नागरिकांना सूचित करण्यात येते की, बाधित रुग्णाच्या निकट संपर्कातील व्यक्तींनी तात्काळ विलगीकरण केंद्रात दाखल व्हावे. अन्यथा संबंधितांवर कायदेशीर कारवाई करण्यात येईल."

व्याकरणदृष्ट्या यात दोष नाही. परंतु कर्मणी रचनेमुळे सूचना कोण देत आहे, कारवाई कोण करणार आहे, हे दिसत नाही. त्याहून मोठी उणीव अशी की वाचणाऱ्या बाईच्या मनातील एकाही प्रश्नाचे उत्तर यात नाही. किती दिवस? तान्हे मूल सोबत नेता येईल का? गाईम्हशींचे चारापाणी कोण पाहील? रात्री केंद्रात बाई कर्मचारी असेल का?

आता ही दुसरी सूचना पाहा.

"घरातील कोणाला आजार झाल्याचे चाचणीत आढळले, तर घरातील इतरांनी १४ दिवस गावच्या शाळेत राहायचे आहे. बायकांसाठी वेगळी खोली आहे. तेथे रात्री आशाताई थांबतील. लहान मुले आईजवळ राहतील. दोन्ही वेळचे जेवण बचत गटाकडून येईल. तुमच्या जनावरांकडे कोणी पाहायचे ते निघण्यापूर्वी सरपंचांना सांगा. कोणी नसेल तर ग्रामपंचायत माणूस देईल. रुग्णाची खबर रोज सायंकाळी शाळेत सांगितली जाईल. काही तक्रार असल्यास आशाताईंना किंवा ग्रामसेवकांना सांगा."

पुष्कळ विद्यार्थी या दुसऱ्या सूचनेचे श्रेय सोप्या शब्दांना देतात. शब्द सोपे आहेत हे खरे. पण पहिली सूचना कितीही सोप्या मराठीत लिहिली तरी तिची दुसरी होणार नाही. दुसरीतील प्रत्येक वाक्याआधी कोणीतरी गावात जाऊन एक प्रश्न विचारलेला आहे आणि त्या उत्तरावरून एक व्यवस्था केलेली आहे. बचत गटाशी बोलणे झालेले नसेल तर जेवणाचे वाक्य लिहिता येत नाही. लिहिलेच तर ते खोटे ठरते, आणि साथीत एक खोटे वाक्य पुढच्या दहा खऱ्या सूचनांवरचा भरवसा घालवते. म्हणून कार्यालयात बसून पत्रक लिहिण्याचे काम आपल्याकडे आले, तर आधी कोऱ्या कागदावर घरच्यांना पडणारे प्रश्न लिहा. ज्यांची उत्तरे मिळत नाहीत ते प्रश्न घेऊन वरिष्ठांकडे जा. पत्रक थोडे उशिरा निघेल.

५.८ स्वाध्याय

(अ) पुढील प्रश्नांची उत्तरे सुमारे १५० शब्दांत लिहा.

१. पुण्यातील तपासणीच्या पथकांसोबत स्थानिक गृहस्थ असूनही तिला लोकसहभाग का म्हणता येत नाही?

२. ज्ञातीनिहाय रुग्णालयांचे सामर्थ्य व त्यांची मर्यादा स्पष्ट करा. ससाणे मळ्यातील दवाखान्याचा संदर्भ द्या.

३. इबोलाच्या साथीत दफनाच्या रीतीतील कोणता भाग कायम राहिला व कोणता बदलला?

(आ) उपक्रम

१. २०२० ते २०२२ या काळात आपल्या गावात किंवा प्रभागात निघालेले एखादे सूचनापत्रक मिळवा. त्यातील कर्ता लपवणारी वाक्ये अधोरेखित करा. वाचकाच्या मनात उरणारे किमान ५ प्रश्न लिहा आणि पत्रकाचे पुनर्लेखन करा. ज्या प्रश्नांची उत्तरे आपणांस ठाऊक नाहीत, तेथे जागा कोरी सोडा; कल्पनेने भरू नका.

२. साथीच्या काळात घरोघर सर्वेक्षण केलेल्या एका व्यक्तीशी आणि विलगीकरणात राहिलेल्या एका व्यक्तीशी स्वतंत्रपणे बोला. दोघांनी त्या दिवसांसाठी वापरलेले शब्द दोन स्तंभांत नोंदवा. समान शब्द कोणते आणि एकाच स्तंभात येणारे कोणते, ते पाहा. बोलण्यापूर्वी संमती घ्या व नोंदीत त्यांची नावे लिहू नका.